दुसरा मंगळवार

२५ जानेवारी २००३ हा शनिवार होता. भारतात सकाळचे अकरा वाजले होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शुक्रवारच्या रात्रीचे साडेनऊ. त्या सुमारास कुठून तरी ३७६ बाइटचा एक प्रोग्राम इंटरनेटवर सुटला. ३७६ बाइट म्हणजे किती थोडे, तर देवनागरीत टाइप केलेला हा परिच्छेद संगणकावर त्याच्या कितीतरी पट जागा खातो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधल्या एका दोषातून तो आत शिरायचा आणि शिरल्या शिरल्या स्वतःच्या प्रती वाटेल त्या पत्त्यावर फेकू लागायचा. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी त्याची संख्या दुप्पट होत होती. दहा मिनिटांत जगभरातल्या दोषयुक्त सर्व्हरपैकी नव्वद टक्के त्याच्या ताब्यात गेले. एकूण बळी किमान ७५,०००.

दक्षिण कोरियातले इंटरनेट जवळपास बंद पडले. बँक ऑफ अमेरिकेची सुमारे १३,००० एटीएम पैसे देईनात. सिअ‍ॅटलजवळ तातडीच्या मदतीचे फोन घेणारे कर्मचारी कागद-पेन्सिलवर आले. ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात सुरक्षेची मोजमापे दाखवणारी यंत्रणा जवळजवळ पाच तास मेलेली होती. नशिबाने ती अणुभट्टी तेव्हा बंदच होती. या वर्मला, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामला, नाव पडले ‘स्लॅमर’.

चौकशी सुरू झाली तेव्हा कळले की ज्या दोषातून हे सारे घडले, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने २४ जुलै २००२ रोजीच दिली होती. म्हणजे १८५ दिवस आधी. वर्तमानपत्रांना सोपा आरोपी मिळाला: आळशी सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. पण स्लॅमरने मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या जाळ्यातले सर्व्हरही गाठले होते. ज्यांनी दुरुस्ती लिहिली त्यांच्याच घरी ती सगळीकडे बसलेली नव्हती. मग हा आळसाचा मामला म्हणून सोडून देता येईना.

त्या काळी अशी दुरुस्ती, म्हणजे पॅच, बसवणे म्हणजे काय होते, हे आज फोन रात्री आपोआप अपडेट होताना पाहणाऱ्याला सांगावे लागते. २००२ या एका वर्षात मायक्रोसॉफ्टने ७२ सुरक्षा बुलेटिने काढली. त्यातली बहुतेक बुधवारी यायची, पण कोणत्या बुधवारी किती येतील याचा नेम नसे. बुलेटिन आले की सर्व्हर सांभाळणाऱ्याने ते वाचायचे, आपल्याकडे ते लागू आहे का ते पाहायचे, पॅच एखाद्या फालतू पडलेल्या मशीनवर बसवून बघायचा, त्यामुळे पगारपत्रकाचे किंवा गोदामाचे सॉफ्टवेअर कोलमडत नाही ना याची खात्री करायची. मग साहेबांकडून सर्व्हर बंद ठेवण्याची परवानगी काढायची, रात्री थांबून पॅच बसवायचा, रिबूट करायचा, आणि काही बिघडले तर सकाळच्या आत सारे पूर्ववत करायचे. एसक्यूएल सर्व्हरचा तो जुलैचा पॅच तर आणखी किचकट होता. त्याला स्वतःचा इन्स्टॉलर नव्हता. फाईल हाताने उचलून योग्य जागी ठेवावी लागे. शिवाय त्याच डेटाबेसची एक छोटी आवृत्ती इतर अनेक प्रोग्रामांच्या पोटात दडलेली होती, आणि ती आपल्या मशीनवर आहे हेच कित्येकांना माहीत नव्हते. एवढे सारे आटोपेपर्यंत पुढचा बुधवार उजाडलेला. नाइलाजाने माणूस निवड करू लागतो, आणि निवडीत चूक होणारच.

दोष केव्हा जाहीर करावा, हा वाद याच्याही आधीपासूनचा. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्मने त्या वेळच्या चिमुकल्या इंटरनेटला झोपवले आणि त्याच वर्षी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ ही समन्वय संस्था उभी राहिली. दोष कळला की तिला कळवायचे, तिने कंपनीला कळवायचे, आणि दुरुस्ती तयार होईपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचे, असा तिचा शिरस्ता. कंपन्या मात्र निवांत बसत. महिनेच्या महिने जात. त्या चिडीतून १९९३ मध्ये ‘बगट्रॅक’ ही ई-मेल यादी निघाली. तिच्यावर दोष सापडला की तपशिलासकट, कधी कधी हल्ल्याच्या नमुन्यासकट, चव्हाट्यावर मांडला जाई. या बेधडकपणामुळे कंपन्या हलू लागल्या हे खरे, पण त्याची किंमत मधल्यामध्ये सर्व्हरवाल्यांनी मोजली. सन २००० मध्ये ‘सर्ट’नेही धोरण बदलले: कंपनीला कळवल्यापासून ४५ दिवसांनी, दुरुस्ती असो वा नसो, दोष जाहीर.

कंपनीने पॅच काढला की गुप्तता संपतेच, हे ध्यानात यायला मात्र वेळ लागला. वाड्याच्या मागच्या दाराची कडी मोडली आहे, ती बदलून घ्या, अशी दवंडी पिटली की ती वाड्यातले ऐकतात तशी बाहेरचेही ऐकतात. त्यातून पॅच म्हणजे नुसती दवंडीही नव्हे. पॅच बसण्याआधीची फाईल आणि नंतरची फाईल शेजारी ठेवून ताडून पाहिल्या की काय बदलले ते दिसते, आणि जे बदलले तिथेच दोष असतो. जाणकार माणसाला तेवढे पुरे. कोड रेड वर्मसाठीचा पॅच १८ जून २००१ चा आणि वर्म जुलैच्या मध्यावरचा. १९ जुलैला चौदा तासांच्या आत त्याने ३,५९,००० मशीन पकडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्कॉट कल्प यांनी तपशील उघडे करणाऱ्यांवर जाहीर टीका केली. ही माहितीची बेबंदशाही आता थांबवा, असा त्यांचा रोख होता. संशोधक उसळले. भगदाड तुमच्या भिंतीला आणि दोष ते दाखवणाऱ्याचा, असे त्यांचे म्हणणे. मला दोन्ही बाजू पटतात, आणि दोघांच्याही बोलण्यात रात्री जागणारा तिसरा माणूस जवळपास कुठेच नाही, हे जास्त खटकते.

तो माणूस चर्चेत आला ऑगस्ट २००३ मध्ये. १६ जुलैला विंडोजमधल्या एका गंभीर दोषाचा पॅच निघाला होता. दोष शोधला होता पोलंडमधल्या ‘लास्ट स्टेज ऑफ डिलिरियम’ या संशोधकांच्या गटाने. महिना पुरा व्हायच्या आत, ११ ऑगस्टला, ‘ब्लास्टर’ आला. त्या वर्षी घरी संगणक असलेल्या पुष्कळांना तो आठवत असेल: पडद्यावर एक चौकट यायची, साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन आपोआप बंद व्हायचे. पुन्हा सुरू करावे, इंटरनेट जोडावे, की पुन्हा तेच. पॅच उतरवून घ्यायला लागणारा वेळ साठ सेकंदांहून जास्त, त्यामुळे औषध हाताशी असून ते घेण्याआधीच रोगी आडवा. वर्मच्या पोटात बिल गेट्स यांना उद्देशून एक टोमणा होता: पैसे कमावणे पुरे, आता सॉफ्टवेअर दुरुस्त करा. १६ ऑगस्टला या साऱ्या बाधित मशीननी मिळून मायक्रोसॉफ्टच्या पॅच वाटणाऱ्या पत्त्यावर तुटून पडावे, अशी त्याची आखणी होती. कंपनीने तो पत्ताच काढून टाकला. त्या धामधुमीत ‘वेल्चिया’ आणि ‘सोबिग’ची नवी आवृत्ती असे आणखी दोन पाहुणे येऊन गेले.

९ ऑक्टोबर २००३ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या व्यावसायिक भागीदारांचे संमेलन भरले होते. तिथे कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी सांगितले की यापुढे सुरक्षा पॅच महिन्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी निघतील. हल्ला प्रत्यक्ष सुरू असेल तरच अपवाद. पहिला गठ्ठा आला १५ ऑक्टोबरला, आणि तो वार होता बुधवार. जुनी सवय. नोव्हेंबरच्या ११ तारखेपासून मात्र महिन्याचा दुसरा मंगळवार पक्का झाला, आणि जगभरच्या सर्व्हर-खोल्यांत त्याला ‘पॅच ट्यूजडे’ म्हणू लागले. लगेच पुढच्या महिन्यात, डिसेंबरमध्ये, एकही बुलेटिन निघाले नाही. इतकी वर्षे दर आठवड्याला धास्तावलेल्या लोकांना ही शांतता आणखीच संशयास्पद वाटली असणार.

मंगळवारच का? सोमवार शनिवार-रविवारची घाण उपसण्यात जातो. त्या दिवशी नवे काम अंगावर कोणी घेत नाही. शुक्रवारी पॅच काढला तर बिघाड निस्तरायला शनिवारी माणसे बोलवावी लागतात. मंगळवारी काढला की चाचणीला आणि दुरुस्तीला कामाचे तीन-चार दिवस हाताशी राहतात. वेळही ठरली: रेडमंडच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मुख्यालयाच्या, घड्याळाने सकाळचे दहा. वॉशिंग्टन राज्यातल्या माणसासाठी ही चहा पिऊन कामाला बसायची वेळ. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा वाजतात. अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांचे सर्व्हर पुण्या-मुंबईतून सांभाळणाऱ्यांच्या वाट्याला कामाचा मंगळवार आला नाही. त्यांना आली मंगळवारची रात्र. गणपतीचा उपास सोडून लॅपटॉप उघडणारे लोक या शहरांत कमी नसतील. दुसऱ्याच्या सोयीने आखलेले वेळापत्रक आपण बिनतक्रार पाळले, आणि ‘सपोर्ट’ची पाळी नावाचा एक धंदा त्यातून उभा राहिला.

टीका पहिल्या दिवसापासून झाली. दुरुस्ती तयार असून ती तीन आठवडे कपाटात ठेवायची, हे कुठले शहाणपण? याला कंपनीचे उत्तर असे की तयार असूनही लोक ती बसवत नव्हते, तेव्हा हातात लवकर पडून उपयोग काय झाला? उत्तर बरोबर होते, पण पुरते निर्मळ नव्हते. महिन्याला एकच वाईट बातमी येणे हे दर बुधवारी एक वाईट बातमी येण्यापेक्षा कोणत्याही कंपनीला परवडते. शिवाय वेळापत्रक पॅच बाहेर पडण्याच्या दिवसाचे होते, पॅच तयार करण्याच्या कालावधीचे नव्हते. १० फेब्रुवारी २००४ च्या मंगळवारी विंडोजमधल्या एका मोठ्या दोषाचा पॅच आला. ‘ईआय’ या कंपनीने तो दोष मायक्रोसॉफ्टला कळवून सुमारे २०० दिवस झाले होते.

तरीही माझे मत या मंगळवाराच्या बाजूने आहे. ठरलेला दिवस आला तशी कंपन्यांच्या कॅलेंडरात पॅचिंगची जागा ठरली. साहेबाला दर वेळी पटवावे लागेना. बुधवार-गुरुवार चाचणी, शनिवारी रात्री ‘मेंटेनन्स विंडो’, असे चक्र बसले. नोव्हेंबर २००४ पासून तर आदल्या गुरुवारीच किती आणि किती गंभीर बुलेटिने येणार याची पूर्वसूचना सगळ्यांना मिळू लागली. ओरॅकलने जानेवारी २००५ पासून तिमाही गठ्ठे सुरू केले, आणि त्यांच्या तारखा निवडताना ग्राहक हिशेब मिटवण्याच्या गडबडीत सर्व्हरला हात लावू देत नाहीत ते दिवस टाळले. हिशेबनिसांची सोय बघून सुरक्षेची तारीख ठरवणारी ही कदाचित पहिली कंपनी.

हल्लेखोरांनीही कॅलेंडर भिंतीवर टांगले. मंगळवारी पॅच, बुधवारी त्याची चिरफाड: ‘एक्स्प्लॉइट वेन्सडे’ हा शब्द लवकरच रुळला. १३ एप्रिल २००४ च्या गठ्ठ्यातल्या एका पॅचवरून निघालेला ‘सॅसर’ ३० एप्रिलला आला, म्हणजे सतरा दिवसांत. त्याच्या आधी मार्चमध्ये ‘विटी’ वर्मने तर सूचना निघाल्यावर जेमतेम दीड दिवसात सुमारे १२,००० मशीन गाठली, आणि त्यांच्या डिस्कवरचा डेटा हळूहळू खरवडून काढला. ज्या सॉफ्टवेअरमध्ये तो दोष होता ते संगणकाचे रक्षण करण्यासाठी विकत घेतलेले फायरवॉल होते. दीड दिवसात कोणती कंपनी चाचणी करून पॅच बसवणार?

वेळापत्रकाची खरी परीक्षा झाली ती २००५ च्या नाताळात. २७ डिसेंबरच्या सुमारास विंडोजमधल्या चित्रांच्या एका जुन्या फाईल-प्रकारातला दोष वापरून हल्ले सुरू झाले. चित्र नुसते पाहिले तरी मशीन बाधित होई. पॅच नव्हता. मायक्रोसॉफ्टने सांगितले की तो १० जानेवारीला, ठरल्या मंगळवारी येईल. म्हणजे दोन आठवडे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी इल्फाक गिलफानोव या प्रोग्रामरने स्वतःच एक तात्पुरता पॅच लिहून फुकट वाटायला ठेवला. मायक्रोसॉफ्टचा शिक्का नसलेला हा पॅच कंपनीतल्या हजारो मशीनवर बसवायचा की नाही, हा प्रश्न नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी सर्व्हरवाल्यांपुढे पडला. सॅन्स इन्स्टिट्यूटसारख्या प्रतिष्ठित संस्थेने तो तपासून, बसवा, असा सल्ला दिला, तेव्हा तिची इभ्रतही पणाला लागली होती. गिलफानोव यांचे संकेतस्थळ लोकांच्या गर्दीने कोसळले. अखेर ५ जानेवारीला, गुरुवारी, मायक्रोसॉफ्टने आपला पॅच काढला. चाचणी अपेक्षेपेक्षा लवकर संपली, असे कारण देण्यात आले. कुणी विश्वास ठेवला असेल तर ठेवो.

याच्या उलट चित्र २००८ चे. डॅन कॅमिन्स्की या अमेरिकन संशोधकाला डीएनएसमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेतच, मूलभूत दोष सापडला. बँकेचे नाव टाइप करणाऱ्याला चोराच्या दारात नेऊन सोडता येईल, असा. तो एका कंपनीचा नव्हता, साऱ्यांचाच होता. ३१ मार्च २००८ रोजी रेडमंडमध्ये मायक्रोसॉफ्टच्या आवारात सोळा जण जमले. एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या कंपन्यांनी एकाच दिवशी पॅच काढायचे ठरवले, आणि तो दिवस निवडला ८ जुलै, महिन्याचा दुसरा मंगळवार. त्या दिवशी सर्व्हरवाले तसेही जागेच असतात. तीन महिने ही गोष्ट फुटली नाही, याचे मला आजही नवल वाटते.

फुटली ती नंतर. कॅमिन्स्की यांनी सगळ्यांना विनंती केली होती की ऑगस्टच्या ब्लॅक हॅट परिषदेत मी तपशील सांगेपर्यंत तर्क लढवू नका. तोवर पॅच बसवायला महिना मिळू द्या. हुशार लोकांना, विचार करू नका, असे सांगणे म्हणजे आमंत्रणच. २१ जुलैला एकाने जाहीरपणे अंदाज बांधला, दुसऱ्या एका कंपनीकडून त्याला दुजोरा देणारा मजकूर चुकून बाहेर पडला, आणि दोन दिवसांत हल्ल्याचा तयार नमुना उपलब्ध झाला. तीस दिवसांचे तेरा झाले. तो नमुना लिहिणाऱ्यांपैकी एच. डी. मूर यांच्या स्वतःच्या कंपनीची वाहतूक थोड्याच दिवसांत टेक्सासमधल्या एका बिघडवलेल्या डीएनएस सर्व्हरमुळे भलतीकडे गेली.

पुढे तारखांवरून दोन बलाढ्य कंपन्यांतच जुंपली. गुगलच्या ‘प्रोजेक्ट झिरो’ गटाने दोष कळवल्यापासून ९० दिवसांनी तो आपोआप जाहीर करण्याचा नियम केला, आणि ११ जानेवारी २०१५ ला, मंगळवारच्या अवघे दोन दिवस आधी, विंडोजमधला एक दोष उघडा केला. थोडे थांबा, अशी मायक्रोसॉफ्टची विनंती होती. फेब्रुवारीत गुगलने चौदा दिवसांची सवलत आणि सुट्टीच्या दिवशी मुदत न संपवण्याचा नियम जोडला.

१४ फेब्रुवारी २०१७ च्या मंगळवारी मात्र काहीच आले नाही. ऐन वेळी अडचण उद्भवली, एवढेच कंपनीने सांगितले आणि सारा गठ्ठा १४ मार्चवर ढकलला. मार्चच्या गठ्ठ्यात एमएस१७-०१० हे बुलेटिन होते. एप्रिलमध्ये ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतून चोरलेली हत्यारे उघड्यावर टाकली, तेव्हा त्यातले सर्वांत घातक हत्यार नेमके याच बुलेटिनने निकामी केल्याचे दिसले. पॅच वेळेवर होता. तरीही १२ मे रोजी, शुक्रवारी, तेच हत्यार वापरणारा ‘वॉनाक्राय’ वर्म दीडशे देशांत पसरला आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले.

२७ जूनला तेच हत्यार वापरणारा दुसरा हल्ला आला. तो युक्रेनवर रोखलेला होता. तिथल्या संविधान दिनाची सुट्टी दुसऱ्या दिवशी होती. हिशेबाच्या एका लोकप्रिय युक्रेनी प्रोग्रामच्या अपडेटमधून तो पसरला आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जाळ्यातून जगभर गेला. नवी मुंबईत न्हावा शेवा येथे जेएनपीटी बंदरातले एक टर्मिनल मर्स्क समूहातली कंपनी चालवत होती. तिथली संगणक यंत्रणा बंद पडली, कंटेनर कुठला आणि कुठे जायचा हे सांगणारे कोणी उरले नाही, आणि माल तुंबणार म्हणून बंदर प्रशासनाला ट्रक उभे करायला जागा शोधावी लागली. १४ मार्च ते २७ जून: बरोबर पंधरा आठवडे, मंगळवार ते मंगळवार. अर्थात नुसत्या पॅचने मर्स्क वाचली असती असे म्हणता येत नाही. हा हल्ला एका मशीनवरचे पासवर्ड चोरून पॅच बसवलेल्या मशीनवरही उडी मारत होता. तरी जुन्या, अर्धवट पॅच केलेल्या यंत्रणांनी त्याला वाट सोपी करून दिली.

मर्स्कने दहा दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर पुन्हा उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. ‘वायर्ड’ मासिकाने २०१८ मध्ये छापलेल्या वृत्तांतानुसार कंपनीतल्या लोकांनी हल्ल्याआधीच धोक्याची सूचना दिली होती, सुरक्षेच्या सुधारणेला मंजुरी मिळाली होती, तिच्यासाठी पैसेही बाजूला काढले होते. फक्त ती सुधारणा वरिष्ठांच्या कामगिरीच्या मोजमापात धरलेली नव्हती, त्यामुळे ती पुरी केल्याने कुणाचाही बोनस वाढणार नव्हता. ती सुरूच झाली नाही.